दसिबाला उत्तर एकच : ना

गेल्या महिन्याभरात तिघीजणींनी मला फोन करून विचारलं, वर्षभर आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जायचं तर सुरुवात कुठून करायची? तिघींना तेच ते तासतासभर सांगून झालं. चौथीचा फोन यायच्या आत लिहून काढते.

मी सप्टेंबर २०१८ ते सप्टेंबर २०१९ उत्तर घानात होते. तमाले शहरातून उत्तरेला सावेलुगूचा रस्ता जातो, तो सोडून कच्च्या रस्त्याला लागलं की येणारं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे मिडवाइफ एकच आहे आणि स्वतःचं नाव कुठे छापलेलं तिला नकोय. सगळं गाव तिला मॅडम म्हणतं, मीही तेच म्हणते.

आधीच सांगते, मी नर्स नाही. साताऱ्यात आरोग्य खात्यात कंत्राटी डेटा एन्ट्री केली, आठ वर्षं. उपकेंद्रांतून येणारे मासिक अहवाल संगणकात भरायचे. आई मात्र एएनएम. माण तालुक्यात बत्तीस वर्षं नोकरी झाली तिची. माझं लहानपण लसींच्या डब्याशेजारी बसून गृहपाठ करण्यात गेलं, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा माझा समज होता.

जानेवारी २०१८ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेचा अर्ज भरला. फेब्रुवारीत स्काइपवर मुलाखत झाली. मग मे महिन्यापर्यंत काहीच नाही. या तीन महिन्यांत मी दोनदा मेल केला आणि दोन्ही वेळा 'प्रक्रिया चालू आहे' एवढंच उत्तर आलं. निवड झाली ती सॉफ्टवेअरच्या कृपेने. घानाच्या आरोग्य खात्याची माहिती-प्रणाली २०१२ पासून ज्या डीएचआयएस-२ वर चालते, त्यावरच मी इकडे डोळे फोडले होते. काम होतं प्रसूती आणि गरोदर तपासणीच्या नोंदी नीट लावायला मदत करणं.

आता कागद. पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं, फी ५०० रुपये. माझा पत्ता बदललेला असल्याने पोलिस ठाण्याची फेरी वाढली आणि एकोणीस दिवस गेले. पिवळ्या तापाची लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या ठराविक केंद्रांतच मिळते. मी मुंबईत सहारला विमानतळाच्या आरोग्य कार्यालयात घेतली, ३०० रुपयांत. खरं तर दोन फेऱ्यांत, कारण पहिल्यांदा मी पासपोर्टची झेरॉक्स घेऊन गेले. मूळ पासपोर्ट लागतो. तो साताऱ्यात कपाटात, मी सहारला. परत एसटी. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि ते पिवळं कार्ड लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तिकिटाच्या आदल्या आठवड्यावर ही गोष्ट ढकलू नका. एकदा घेतली की जन्मभर चालते.

व्हिसासाठी पासपोर्ट दिल्लीला घानाच्या उच्चायुक्तालयात गेला. पाच आठवडे रोज कुरिअरवाल्याची वाट पाहिली. विमान, विमा, राहणं संस्थेकडे होतं. प्रवास, औषधं, मच्छरदाणी, बॅग, किरकोळ असे माझ्या पदरचे साधारण ३१,००० गेले. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन रोज एक, परत आल्यावरही चार आठवडे. भरल्या पोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि गोळी घेऊन लगेच आडव्या होऊ नका. छातीत जळजळते ती कशी, हे मी एका रात्रीत शिकले.

८ सप्टेंबरला मुंबईहून आदिस अबाबामार्गे आक्रा, म्हणजे घानाची राजधानी. तिथे आठवडाभर ओळखवर्ग, मग तमालेपर्यंत तेरा तास बस.

गावाचं आरोग्य केंद्र म्हणजे पत्र्याचं छप्पर, चार खोल्या, बाळंतपणाची एक खाट, लसींचा फ्रिज, छपरावर सौर पॅनल. तिकडे याला चिप्स (CHPS) कंपाउंड म्हणतात. आरोग्यसेविकेने तालुक्याला न बसता गावातच राहायचं, हा प्रयोग १९९४ मध्ये त्यांच्याच उत्तरेत नवरोंगोला सुरू झाला आणि नंतर देशभर गेला. मी मनात लगेच 'उपकेंद्र' असं भाषांतर करून टाकलं. मागच्या खोलीत मॅडम, शेजारच्या खोलीत मी.

मॅडम माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. रुंद खांदे, कडक इस्त्रीचा गणवेश, बोलणं कमी. पहिल्या सकाळी मी लॅपटॉप काढून बसले तर त्यांनी तो मिटला आणि मला गावात फिरवलं. तिथल्या दगोंबा लोकांच्या दगबानी भाषेत सकाळचं नमस्कारासारखं 'दसिबा'. त्याला उत्तर 'ना'. दुपारचं 'अंतिरे', उत्तर 'ना'. झोप झाली का, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, सगळ्याला एकच लांबवलेलं 'नाऽऽ'. आपल्या कानाला तो नकार वाटतो. पहिला आठवडाभर मला वाटत होतं, या गावात कुणाचंच काही बरं चाललेलं नाही. वडीलधाऱ्यांसमोर बाईने उकिडवं बसून विचारपूस करायची. अकरा घरं झाली तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले. मॅडम म्हणाल्या, "यांना विचारल्याशिवाय तू यांच्या सुनांचे आकडे लिहिणार होतीस?"

काही गोष्टी मात्र शिकाव्या लागल्या नाहीत. डाव्या हाताने काही द्यायचं नाही. जेवताना कुणी दारात आलं तर 'यू आर इन्व्हायटेड' म्हणायचं. हे तर आपलं 'या जेवायला'च. आणि घानातला माणूस उठून बाहेर निघाला की म्हणतो, "आय ॲम कमिंग." आमच्या गटातल्या युरोपियन मुलांचा यात फार गोंधळ व्हायचा, जातोय आणि येतो काय म्हणतोय! मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. 'जाते' म्हटलं की आजी ओरडायची, 'येते' म्हण.

जेवण सांगायचं तर मी शाकाहारी आणि तिथल्या प्रत्येक रश्श्यात सुकी मासळी. शेंगदाण्याचं सूप पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उपासाच्या दाण्याच्या आमटीची आठवण होऊन गहिवरून आलं, आणि पहिल्याच घासाला तळाशी माशाचं डोकं लागलं. मॅडम माझ्यासाठी आधी वाटीभर काढून ठेवू लागल्या, पण 'झाडपाला खाणारी' हे नाव मला चिकटलं ते चिकटलंच. मक्याच्या पिठाचा टीझेड, म्हणजे मऊ उकडीसारखा गोळा, मला आवडायला लागला. माझं मेतकूट मॅडमना आवडलं, फक्त त्या ते टीझेडवर भुरभुरायच्या.

आता माझा पराक्रम. गरोदर बायकांच्या तपासणीला तिथे ठरलेला वारच नाही असं मला रजिस्टरवरून दिसलं. तारखा कुठल्याही. मी रंगीत तक्ता केला, दर मंगळवारी तपासणी, आणि भिंतीवर लावला. मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि लावू दिला. पहिल्या मंगळवारी अठ्ठावीसजणी यायच्या होत्या, आल्या पाच. दुसऱ्या मंगळवारी सात. त्या पाच-सातजणी गावातल्याच, वाड्यांवरची एकही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी हिरमुसून बसले तेव्हा मॅडमनी विचारलं, "बाजार कधी असतो इथे?"

मी म्हटलं, आठवड्यातून एकदा.

दगोंबांचा बाजार सहा दिवसांनी फिरतो. आज सोमवारी असेल तर पुढचा रविवारी, त्यापुढचा शनिवारी. वाड्यांवरच्या बायका शेंगा, शिया नावाच्या झाडाच्या तेलबिया घेऊन बाजाराला येणारच असतात, तर त्याच दिवशी तपासून घ्यायचं, असा मॅडमचा हिशेब. तारखा कुठल्याही नव्हत्याच, दर सहाव्या दिवशीच्या होत्या. आठ वर्षं तक्ते भरलेल्या मला ते दिसलं नव्हतं. "मग लावू का दिला?" मी विचारलं. "तू एवढे रंग वापरले होतेस," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मग मी सहा रकान्यांची दिनदर्शिका केली. ती माझ्या माहितीप्रमाणे अजून भिंतीवर आहे.

ऑक्टोबरमध्ये रहिवासी परवान्यासाठी पासपोर्ट आक्र्याला गेला, तो जानेवारीत परत आला. इथे एक सूचना. पासपोर्ट हातून जाण्याआधी प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढा, आणि पिवळं कार्ड त्याच्यासोबत पाठवू नका. माझा पासपोर्ट तिकडे आणि इकडे मोबाइलमधले पैसे अडकले. घानात सगळा व्यवहार मोबाइल मनीवर चालतो, आपल्या यूपीआयसारखा. सिमकार्डच्या फेरतपासणीला मूळ पासपोर्ट मागितला, तो नाही म्हणून खातं बंद. त्याच महिन्यात संस्थेचा भत्ताही लांबला. नोव्हेंबरच्या वीस तारखेला माझ्याकडे अकरा सेडी उरले होते. एक सेडी तेव्हा चौदा रुपयांच्या आसपास होता.

मी तीन दिवस काही बोलले नाही. घरून निघताना सगळ्यांना 'मदत करायला चालले' असं सांगून आलेली बाई पैसे मागणार कुणाकडे? चौथ्या दिवशी मॅडम माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "तू दोन दिवस कांदा आणलेला नाहीस." खोलीत जाऊन तीनशे सेडी आणले, स्वतःच्या वहीत तारीख घालून रक्कम लिहिली आणि माझी सही घेतली. त्यांचा सरकारी पगार माझ्या भत्त्यापेक्षा बराच जास्त आहे हे मला तेव्हा कळलं. गावात मला गरीब समजत होते म्हणे. नवरा नाही, मूल नाही, मांस खात नाही. १४ डिसेंबरला मी पैसे परत केले तर त्यांनी दोनदा मोजले आणि सहीवर काट मारली.

उपकार केल्याचा चेहरा नाही की 'राहू दे गं' नाही. मला ते फार आवडलं. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, त्यामुळे त्या दिवशी काय बदललं ते मॅडमना कळलं नसेल, पण माझ्या मनातल्या मराठीत त्या दिवसापासून ती 'ती' झाली. इथून पुढे तसंच लिहिते.

डिसेंबरअखेर आम्हाला संस्थेकडून आदेश आला की गाव सोडायचं नाही. दगोंबांच्या राजाचा (त्याला या-ना म्हणतात) मार्च २००२ मध्ये येंडीत खून झाला होता आणि तेव्हापासून दोन राजघराण्यांत गादीचा वाद धुमसत होता. आता दोन्ही घराण्यांच्या आधीच्या राजांच्या उत्तरक्रिया होऊन जानेवारी २०१९ मध्ये नवा राजा बसणार होता. काही पेटलंच तर रस्त्यावर नको, म्हणून बंदी. त्यात हरमाटान, सहारातून येणारं कोरडं धुळीचं वारं. सकाळी उशीवर आपल्या डोक्याचा आकार उमटलेला दिसायचा. ओठ फुटले तेव्हा मॅडमने शियाचं लोणी दिलं. संध्याकाळी काही काम नसायचं, तेव्हा मॅडम जुनं काही सांगायची. २००२ साली ती तमालेत मदतनीस होती. आणीबाणी लागली, रात्रीची संचारबंदी. एका घरात कळा सुरू झाल्या, बाहेर पडायची सोय नाही. तिने भिंतीपलीकडून ओरडून ओरडून सूचना दिल्या, आणि बाळ भिंतीपलीकडे झालं. "मी मिडवाइफ व्हायचं तेव्हा ठरवलं नाही," ती म्हणाली. "तेव्हा मी घाबरले. ठरवलं नंतर." जानेवारीत राजा शांतपणे बसला, ढोल वाजले, बंदी उठली.

फेब्रुवारीतली रात्र मात्र सविस्तर सांगायला हवी. पॅनलवर धूळ साचून बॅटरी उतरली होती. रात्री दोनला मोटारसायकलवरून एक बाई आली, तिसरं बाळंतपण. सोबत तिचा बाळंतविडा : साबण, डेटॉल, जुनी कापडं, पॅराझोन या ब्लीचची बाटली. २००८ पासून घानात बाळंतपण विम्यातून फुकट आहे, पण ही यादी घरूनच येते. मॅडमने माझ्या हातात टॉर्च दिला आणि सांगितलं, माझ्या हाताकडे धर, तिच्या तोंडाकडे नको. साडेतीनला मुलगी झाली, रडली. वार पडली. मी टॉर्च खाली करणार तोच मॅडम म्हणाली, "हलवू नकोस."

रक्त थांबत नव्हतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आधीच दिलेलं होतं. ती एका हाताने पोट चोळत गर्भाशय घट्ट होतंय का बघत होती, दुसऱ्या हाताने सलाइन. मला म्हणाली, वेळ लिही. मी डाव्या हातात टॉर्च, उजव्या हाताने मिनिटं लिहीत होते : ३.४१, ३.४६, ३.५२. चारला तिने गावातली मोटरकिंग बोलावली. ही म्हणजे मागे माल टाकायचा हौदा असलेली तीनचाकी. हौद्यात गादी, गादीवर बाई, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला सलाइनची बाटली उंच धरून मी. बाळ आजीकडे. हॉस्पिटल सव्वा तासावर. खड्डा आला की मॅडम हात पोटावर तसाच दाबून दुसऱ्या हाताने हौद्याची कड पकडायची. माझा खांदा भरून आला तेव्हा मी बाटली थोडी खाली घेतली. तिने फक्त बघितलं.

दोन दिरांनी रक्त दिलं. बाई वाचली. सहाव्या दिवशी परत आली, आठव्या दिवशी बाळाचं नाव ठेवलं. आपलं बारसं बाराव्या दिवशी, त्यांचं आठव्या. आपण पानसुपारी देतो तसं तिथे कोलाच्या बिया वाटतात, कडू जहर. मला मात्र जिवंत गिनी कोंबडी मिळाली. काखेत धरून घरी आणली. मॅडम म्हणाली, "झाडपाला खाणारीला देव बरोबर देतो." कोंबडी शेवटपर्यंत आमच्या अंगणात राहिली.

एप्रिलमध्ये एक बाळ मृत जन्मलं. बाईला वाडीवरून आणायला उशीर झाला होता. रजिस्टरमध्ये त्यासाठी दोन रकाने असतात : पोटात आधीच गेलेलं, आणि कळांदरम्यान गेलेलं, म्हणजे 'फ्रेश'. दुसऱ्या रकान्यात आकडा पडला की जिल्ह्यावरून विचारणा होते, कारण तेव्हा मिडवाइफ हजर असते. संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं. मॅडम पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. मी काय विचारणार हे तिला कळलं असावं. म्हणाली, "फ्रेश. केंद्रात आली तेव्हा ठोके होते, मी ऐकले." तिने ऐकले होते हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मी एक लिहिला. साताऱ्यात त्या रकान्यात शून्य नसलं की मी वैतागायचे, कारण खुलाशाचा जादा फॉर्म जोडावा लागायचा.

पंधरा दिवसांनी विचारणा आलीच. ती इस्त्रीचा गणवेश घालून गेली, संध्याकाळी परत आली, काय झालं ते बोलली नाही. मी टीझेड केला, गुठळ्या झालेला. तिने खाल्ला.

पुढचे महिने भराभर गेले. पाऊस, शियाच्या बिया, रमजान, मलेरिया (गोळ्या घेऊनही मला झालाच, ताप आला की तपासणी त्याच दिवशी करा), आणि मॅडमची सासवांशी रोजची भांडणं, बाळाच्या नाळेवर शियाचं लोणी लावू नका म्हणून. ही भांडणं ऐकताना मला आई आठवायची. तिची माणदेशात नाळेला लावायच्या राखेवरून व्हायची.

निघायच्या आधी एक कटकट लक्षात ठेवा : परवाना, केंद्राची किल्ली, संस्थेचं साहित्य, सगळ्याची सही निघण्याच्या दोन आठवडे आधी मागायला लागा. मला शेवटच्या दिवसापर्यंत एका मोडेमची पावती सापडत नव्हती.

मॅडम मला कच्च्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत पोचवायला आली. तिच्याकडे पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, थोडं चालतात. ती बरंच चालली. बस आल्यावर मी सवयीने इंग्रजीत म्हटलं, "आय ॲम कमिंग." ती म्हणाली, "पटकन चढ, तो थांबत नाही."

मुंबईला उतरल्यावर पिवळं कार्ड हातात ठेवा, बॅगेत नको. घानाहून आलेल्यांना ते विचारतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. माझ्या पुढच्या गृहस्थांना बाजूला बसवलं होतं.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. आपले साडेनऊ वाजले की तिचे चार. पहिल्याच कॉलला आई मध्ये येऊन बसली, आणि तिने ट्रंकेतून जुना ठोके ऐकायचा भोंगा काढून कॅमेऱ्यासमोर धरला. मॅडम उठून गेली आणि स्वतःचा घेऊन आली. तिचा लाकडी, आईचा ॲल्युमिनियमचा. मग दोघी एकमेकींना दाखवत बसल्या, पोटावर कुठे ठेवायचा, कान कसा लावायचा. मला भाषांतराला कुणी विचारलं नाही. मॅडमने "दसिबा" म्हटलं, संध्याकाळ असूनही, आईला सोपं पडावं म्हणून. आईने पढवल्याप्रमाणे "ना" म्हटलं. मग मॅडमने आणखी काय काय विचारलं आणि आई प्रत्येकाला "ना, ना" म्हणत राहिली, आणि मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, तिला विचार की, त्या पॅनलवरची धूळ पुसली का कुणी?"